माहीमच्या परसातील सुवासिक झाडे व त्यांचे पाणी

माहीम या नावाची दोन गावे उत्तर कोकणात प्रसिद्ध आहेत. एक पालघरकडील केळवे-माहीम. ते पानमळ्यांमुळे बागवाल्यांस परिचित आहेच. दुसरे मुंबई बेटाच्या वायव्य टोकाशी, खाडीच्या मुखावर वसलेले माहीम. प्रस्तुत लेख या दुसऱ्या माहीमच्या परसांविषयी आहे. परंतु समुद्राने आणून टाकलेली वाळू व शिंपल्यांचा चुरा यांची बनलेली जमीन डहाणूपासून अलिबागपर्यंत किनाऱ्याने ठिकठिकाणी आढळते. म्हणून येथे जे अनुभवास येते ते त्या सर्व पट्टीतील वाडीवाल्यांस थोड्याफार फरकाने लागू पडावे.

माहीमची भूमी मुळात बागाईतीची. बिंब राजाने येथे वसाहत केली व नारळी आणून लावल्या अशी परंपरागत कथा आहे. त्या राजाची हकीकत ज्या महिकावतीच्या बखरीत येते ती बखर वि. का. राजवाडे यांनी 1924 साली प्रसिद्ध केली. पुढे पोर्तुगीज व इंग्रजी अमलांतही माहीमची ख्याती नारळीच्या दाट राईबद्दलच होती. या नारळींच्या मुळांशी कुजलेली मासळी खत म्हणून पुरण्याची चाल असे, आणि तिच्या दुर्गंधीबद्दल सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्रज प्रवाशांनी कडक तक्रारी लिहून ठेविल्या आहेत. ज्या भूमीत सुवासिक झाडे कशी वाढवावीत हे आज सांगावयाचे, तिची पहिली प्रसिद्धी दुर्गंधीची होती ही गोष्ट गमतीची खरी. परंतु नारळी मात्र त्या खतावर उत्तम पोसत, हेही नाकारता येत नाही.

1896 साली मुंबईत प्लेग आला व 1898 साली शहरसुधारणेसाठी सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानंतर दादर-माटुंग्याकडील मोकळ्या जमिनीची आखणी होऊन वाड्या झपाट्याने मोडल्या. आज ज्यास शिवाजी पार्क म्हणतात ते मैदान 1925 साली माहीम पार्क या नावाने खुले झाले व 1927 साली त्यास सध्याचे नाव मिळाले. राई गेली, तथापि काही जुन्या घरांभोवती, देवळांच्या व चर्चच्या आवारांत आणि गावठाणांच्या गल्ल्यांत गुंठा-अर्धा गुंठा मोकळी माती अद्याप राहिली आहे. अशा परसाच्या मालकांची तक्रार बहुधा एकाच प्रकारची असते. झाड वाढते पण फुलत नाही. किंवा ऐन फुलावयाच्या दिवसांत पानांच्या कडा करपून कळी गळते. मग खत वाढविले जाते, औषधे फवारली जातात, आणि शेवटी ‘आमच्या जमिनीला फूल मानवत नाही’ असा निकाल दिला जातो. आमच्या अनुभवाप्रमाणे दहापैकी आठ ठिकाणी दोष खतात नसून पाण्यात असतो. पाणी किती गोडे आहे, ते केव्हा द्यावयाचे, आणि विशेषतः केव्हा तोडावयाचे, या तीन गोष्टी कळल्या म्हणजे वाळूतील सुवासिक बागेचे बहुतेक शास्त्र हाती आले.

किनाऱ्यावरील विहीर. समुद्रकाठच्या वाळूत विहीर खणली असता गोडे पाणी लागते याचे पुष्कळांस नवल वाटते. याचे कारण असे की, पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे ते वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल तर तिच्या खाली सुमारे 40 फूट गोडे पाणी असते, असा भूजलशास्त्रातील ठोकळ हिशेब आहे. हा हिशेब उलटही चालतो हे विसरता कामा नये. अतिउपशाने ती पातळी एक फुटाने कायमची उतरली, तर खालून खारे पाणी हळूहळू 40 फुटांपर्यंत वर चढू शकते. हाताने रहाट ओढणाऱ्या माणसाकडून हे नुकसान सहसा होत नसे. विजेचा पंप ते दोन-चार उन्हाळ्यांत करून दाखवितो. वसईकडे 1980 च्या दशकाच्या अखेरीस विहिरींचे पाणी टँकरने शहरांकडे नेण्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने जी चळवळ केली, तिच्या मुळाशी हीच भीती होती. जी विहीर मचूळ झाली ती पुन्हा गोडी होण्यास अनेक पावसाळे लागतात.

माहीममध्ये दुसरेही एक कारण घडले. डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाची चौकशी करून 1911 साली जो अहवाल दिला, त्यात घरगुती विहिरी हे डासांचे मुख्य जन्मस्थान असल्याचे दाखविले. त्यानंतर शहरातील पुष्कळ विहिरी बुजविण्यात किंवा झाकण्यात आल्या. म्हणून आज येथील परस बहुतांशी नळाच्या पाण्यावर अवलंबून आहे, व ते पाणी मोजून मिळते. ज्यांची विहीर अद्याप चालू आहे त्यांनी तिचे पाणी वर्षातून दोनदा, म्हणजे दिवाळीनंतर एकदा व मे महिन्यात एकदा, तपासून घ्यावे. एक लिटर पाण्यात विरघळलेले क्षार 450 मिलिग्रॅमच्या आत असतील तर कोणतेही फुलझाड निर्धास्तपणे लावावे. 450 ते 2000 पर्यंत झाडाची निवड विचाराने करावी. 2000 च्या वर गेल्यास ते पाणी फुलझाडांस घालू नये हेच बरे. हे मोजण्याचे लहानसे यंत्र हल्ली बाजारात अल्प किमतीत मिळते. जिभेवर भरवसा ठेवू नये. नेहमी तेच पाणी पिणाऱ्यास त्याचा खारेपणा कळेनासा होतो.

मुंबईत वर्षाकाठी सुमारे 2200 मिलिमीटर पाऊस पडतो, व तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या पावसाने वाळूतील वर्षभराचे क्षार धुऊन खोल जातात. नंतरचे आठ महिने कोरडे, आणि त्या काळात घातलेल्या प्रत्येक घागरीबरोबर थोडे थोडे क्षार मुळांपाशी साठत जातात. म्हणून झाडाची खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते. पानाचे टोक प्रथम तपकिरी होते, मग कडा करपतात, व पान टोकाकडून देठाकडे वाळत जाते. हे तहानेचे लक्षण समजून मालक रोज सायंकाळी झारीने शिंपण करितो. नेमकी ही रीत वाईट. वरवर शिंपलेले पाणी दोन बोटे खाली जाऊन उडून जाते व क्षार मागे ठेविते. त्यापेक्षा तीन-चार दिवसांनी एकदाच, पण भरपूर, असे पाणी द्यावे की ते मुळांच्या खाली निथरून जाईल व जाताना क्षार बरोबर नेईल.

वाळूत पाणी टिकवावयाचे तर खड्ड्यात नारळाची सोडणे घालावीत. याहून स्वस्त उपाय आम्हांस माहीत नाही. खड्डा दोन फूट लांब, रुंद व खोल असावा. सोडणे आठ-दहा दिवस गोड्या पाण्यात भिजवून, ते पाणी एकदोनदा बदलून, मग तळाशी दोन थर, खोलगट बाजू वर राहील अशी, उताणी रचावीत. त्यांवर तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत व खड्ड्यातीलच वाळू समभाग मिसळून भरावी. वर पातेऱ्याचे चार बोटे आच्छादन कायम असावे. लहान रोपाशेजारी एक कच्च्या भाजणीचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरून ठेविले तर रोपास आठवडाभर ओल मिळते. मात्र मडक्यावर झाकण घट्ट पाहिजे, नाही तर बेंटलीसाहेबांचा अहवाल पुन्हा खरा ठरावयाचा. पिंपे व कुंड्यांखालच्या बशा यांसही हाच नियम. आठवड्यातून एक दिवस त्या पालथ्या करून कोरड्या कराव्यात.

मोगरा. किनाऱ्याच्या परसात पहिला मान मोगऱ्याचा. गोल टपोऱ्या कळीचा बटमोगरा, लांबट कळीचा मदनबाण व झुबक्यांनी येणारा हजारी मोगरा या जाती घरगुती बागेस पुरेत. लागवड पावसाळ्याच्या आरंभी दाब कलमाने अगर छाट कलमाने केलेल्या रोपांची करावी व दोन झाडांत चार ते पाच फूट अंतर ठेवावे. मोगऱ्यास दिवसातून निदान पाच-सहा तास थेट ऊन पाहिजे. शेजारी उंच इमारत उठली व परस सावलीत गेले तर मोगऱ्याचा नाद सोडावा. कितीही खत घातले तरी तो सावलीत पानेच देईल.

मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्यावर येते. सर्व झाडास एकदम नवी फूट यावी तर त्यापूर्वी त्यास विश्रांती मिळाली पाहिजे, आणि आपल्या हवेत कडक थंडी नसल्यामुळे ही विश्रांती पाणी तोडूनच द्यावी लागते. आम्हांस हे ज्ञान पुस्तकाने झाले नाही. माहीम येथील एका परसात आमच्या हाताखाली बटमोगऱ्याची बारा झाडे होती. तीन वर्षे आम्ही त्यांस हिवाळा-उन्हाळा एकसारखे पाणी दिले व वर्षातून दोनदा शेणखत घातले. झाडे कमरेएवढी व हिरवीगार झाली, पण फुले मोजून पंधरा-वीस. चौथ्या वर्षी डिसेंबरात नळ नादुरुस्त झाला व दुरुस्तीस पाच आठवडे लागले. झाडांची निम्मी पाने गळाली, तेव्हा ती मेलीच असे समजून वाळके शेंडे कापून टाकिले. पाणी सुरू झाले आणि मार्चमध्ये त्याच बारा झाडांवरून रोज परडी भरू लागली. ज्या हलगर्जीपणाबद्दल प्लंबरास आम्ही पुष्कळ बोललो होतो त्याचे पुढे मनातल्या मनात आभार मानावे लागले.

आता ही गोष्ट दैवावर न सोपविता दरसाल पद्धतशीर करितो. नोव्हेंबरच्या अखेरीस पाणी कमी करीत आणून डिसेंबरात अजिबात बंद करावे. वाळूत तीन ते चार आठवडे पुरतात. काळ्या अगर चिकण जमिनीत याहून अधिक दिवस लागतील. पाने पिवळी होऊन गळू लागली म्हणजे डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत झाडे जमिनीपासून सुमारे दीड फुटावर छाटावीत. वाळक्या, रोगट व आत वाढलेल्या फांद्या मुळापासून काढाव्यात. बुंध्याभोवतीची माती हलक्या हाताने मोकळी करून आठवडाभर ऊन खाऊ द्यावी. नंतर झाडास एक घमेले कुजलेले शेणखत व ओंजळभर निंबोळी पेंड देऊन माती लोटावी आणि पहिले पाणी भरपूर द्यावे. तेथून कळ्या फुटेपर्यंत पाण्यात खंड पडू देऊ नये. एकदा कळी धरल्यावर ताण दिला तर मात्र ती गळते. ताणाची वेळ छाटणीपूर्वीची, नंतरची नव्हे. कळीत शिरून तिला आतून पोखरणारी लहानशी अळी बहराच्या मध्यास उपद्रव देते. अशा जांभळट, छिद्र पडलेल्या कळ्या रोज वेचून जाळाव्यात. घरगुती बागेत एवढ्याने भागते.

जाई व जुई यांस मांडव पाहिजे, व त्यांचा बहर मुख्यत्वे पावसाळ्याचा. त्यांची छाटणीही हिवाळ्याच्या अखेरीस होते. या सर्वांची फुले सायंकाळी उमलतात, कारण निसर्गतः त्यांचे परागण रात्रीच्या पतंगांकडून व्हावयाचे असते. यास्तव मांडव ज्या बाजूस संध्याकाळी बसणेउठणे होते त्या बाजूस असावा. कुंदाची फुले हिवाळ्यात येतात. त्यास वास बेताचाच, परंतु इतर काही नसते तेव्हा तो उपयोगी पडतो एवढेच त्याच्याविषयी म्हणता येईल.

सोनचाफा. सोनचाफ्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे जरूर आहे, कारण चूक झाली असता येथे एक हंगाम नव्हे तर सात-आठ वर्षे फुकट जातात. बियांपासून केलेले झाड सात-आठ वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा फुलते, आणि तोवर ते इतके उंच झालेले असते की फूल हातास येत नाही. कलमी झाड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच फुले देऊ लागते व छाटून माणसाच्या उंचीएवढे ठेविता येते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळकडे तयार झालेली व वेलणकर या नावाने ओळखली जाणारी कलमी जात हल्ली सर्व कोकणात पसरली आहे. घरगुती बागेस तीच सोयीची.

रोपवाटिकेतून ‘कलम’ म्हणून घेतलेले प्रत्येक रोप कलम असतेच असे नाही. एका रोपवाटिकेतून आम्ही घेतलेल्या तीन ‘कलमां’पैकी दोन बियांची रोपे निघाली. ती नवव्या वर्षी, तीस फुटांवर फुलली. फुले कावळ्यांनी पाहिली, पुढे लाल बिया बुलबुलांनी खाल्ल्या, आणि आम्हांस खाली पडलेल्या पाकळ्या झाडावयास मिळाल्या. तेव्हापासून आम्ही रोप घेताना खोडावर जमिनीपासून वीतभर अंतरात सांधा पाहतो. तेथे पाचरीसारखा किंवा तिरकस व्रण स्पष्ट दिसला पाहिजे, व सांध्याच्या वरचे आणि खालचे खोड सालीत किंवा जाडीत थोडे तरी निराळे असले पाहिजे. याहून चांगला उपाय म्हणजे पिशवीतच कळी अगर फूल असलेले रोप निवडणे. कलमी रोप दीड-दोन फुटांचे असतानाच कळी धरते, बियांचे धरीत नाही. आणि फूल पाहिले म्हणजे रंगाची व वासाचीही खात्री पटते.

कलम जूनमध्ये लावावे, सांधा जमिनीच्या वर चार-सहा बोटे राहील असे, व दोन कलमांत दहा फूट अंतर ठेवून. वाऱ्याच्या बाजूस काठीचा आधार द्यावा. सांध्याच्या खालून फुटवे येतात ते नखाने दिसताक्षणी काढावेत. एखादा चुकून वाढू दिला तर तोच झाड होऊन बसतो व वरचे कलम मरते. फूल पानाच्या बेचक्यात, नव्या वाढीवर एकेकटे येते. म्हणून झाड सहा-सात फुटांवर शेंडा मारून पसरट ठेवावे व बहर ओसरल्यावर हलकी छाटणी करावी. मोगऱ्याप्रमाणे सोनचाफ्यास कडक ताण देऊ नये. वाळूत त्यास कोरडे आठही महिने दोन-तीन दिवसांआड गोडे पाणी पाहिजे, आणि ‘गोडे’ या शब्दावर आमचा जोर आहे. मचूळ पाण्यावर सोनचाफा उन्हाळ्यात करपतो. उलट पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचले तर मुळे कुजून झाड पंधरा दिवसांत उभे वाळते. सखल परसात त्यासाठी फूटभर उंच मातीचा ओटा करून त्यावरच कलम लावावे. ज्याच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात हजार मिलिग्रॅमच्या वर जाते व नळाचे पाणी पुरत नाही, त्याने सोनचाफा लावूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

खाऱ्या वाऱ्यास टिकणारी झाडे. पाणी व वारा दोन्ही खारट असलेल्या परसासही सुवास मिळू शकतो, मात्र निवड निराळी पाहिजे. उंडीचे झाड अगदी समुद्राच्या तोंडावर उभे राहते. त्याची पांढरी फुले मंद सुवासाची असतात, बियांचे तेल निघते, आणि मुख्य म्हणजे त्याच्या आडोशास मागील नाजूक झाडे वाचतात. परस मोठे असेल तर पश्चिमेच्या कडेस उंडी व तिच्या आत बकुळ असा दुहेरी आडोसा करावा. बकुळ, जिला दक्षिणेकडे ओवळ म्हणतात, ती सावकाश वाढते. लावणाऱ्यापेक्षा त्याच्या मुलांसच तिची फुले अधिक मिळतात. पण एकदा वाढली म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पाण्याची अपेक्षा करीत नाही, व तिचे फूल सुकल्यावरही वास सोडीत नाही. फुले पहाटे आपोआप गळतात म्हणून खालची जमीन सारवलेली अथवा स्वच्छ वाळूची असावी. तिची दाट सावली लक्षात घेऊन मोगऱ्याच्या दक्षिणेस तिला कधीही लावू नये.

खुरचाफा अमेरिकेतील उष्ण प्रदेशांतून आलेला असला तरी आता येथलाच झाला आहे. शिंपल्यांच्या वाळूत, मचूळ पाण्यावर, किंबहुना पाण्यावाचून, जो खरोखर सुखी असतो असा तोच एक. एप्रिल-मेमध्ये हाताएवढी फांदी कापून तिचा चीक सुकेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत उभी ठेवावी, मग कोरड्या वाळूत रोवावी आणि पाने फुटेपर्यंत पाणी घालू नये. याही झाडाच्या मरणाचे कारण बहुधा मालकाची दयाच असते. केवडाही खाडीच्या काठाचा, पण काटेरी व पसरणारा. तो कुंपणासच योग्य, आणि लावावयाचा तर सुवासिक कणीस देणाऱ्या माहितीच्या नर झाडाचाच फुटवा आणावा, कारण मादीस तो वास नसतो.

अनंताची गोष्ट याच्या उलट. त्याचे दुःख मिठाचे नसून चुन्याचे आहे. शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे माहीमची वाळू चुनखडीयुक्त, आणि अशा जमिनीत लोह असले तरी अनंताच्या मुळांस ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस विरघळवून सायंकाळी पानांवर फवारल्यास पंधरवड्यात फरक दिसतो. जमिनीत घातलेले हिराकस तेथे निरुपयोगी होऊन बसते. आम्ही तर अनंत जमिनीत लावीतच नाही. अर्ध्या पिंपास तळाशी भोके पाडून, तांबडी माती व पानांचे कुजलेले खत भरून त्यात लावितो, व पावसाचे साठविलेले पाणी मिळेल तितके त्यासच देतो.

पारिजातकास निचरा हवा, बाकी काही नको. श्रावणापासून थंडी पडेपर्यंत तो पहाटे सडा घालतो. फुलांचे केशरी देठ वाळवून पूर्वी वस्त्रांस रंग देत असत. रातराणी लावताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. निजावयाच्या खिडकीपासून ती दूर असावी, कारण तो उग्र वास पुष्कळांचे डोके दुखवितो. दुसरे म्हणजे तिचा पाला व फळे विषारी आहेत. ज्यांच्या घरी गाय अगर शेळ्या मोकळ्या असतात त्यांनी ती कुंपणाच्या आत लावावी व छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर टाकू नयेत. सोनटक्क्याचे कंद सांडपाण्याच्या ओलीत, अर्धवट सावलीत छान पसरतात. मोरीचे पाणी त्यास चालते, परंतु साबणसोड्याचे कडक पाणी वळवून दुसरीकडे न्यावे. निशिगंधास सोनटक्क्याच्या उलट ऊन व निचरा लागतो, आणि दोन-तीन वर्षांनी कंद उपटून विरळ केले नाहीत तर दांडे बारीक होत जातात.

सुरंगी लावण्याची हौस अनेकांस असते. वेंगुर्ल्याकडील सुरंगीचे वळेसर एकदा हुंगले की ती हौस होणे स्वाभाविक आहे. परंतु तिचे झाड मोठे, वाढ फार मंद, व बियांपासून केल्यास फुले धरण्यास दहा-बारा वर्षेही लागतात. अर्ध्या गुंठ्याच्या परसात तिला जागा देणे म्हणजे इतर सर्वांस हाकलणे होय. ज्यांची स्वतःची वाडी आहे अशा वाचकांनी मात्र बांधावर एक-दोन अवश्य लावावीत.

फुले विकण्याचा विचार असणाऱ्यांसाठी एवढेच लिहितो की, माहीमच्या शेजारी दादर येथील फुलबाजार पहाटेपूर्वीच भरतो. वसईचे बागवाले तेथे मोगरा व सोनचाफा अंधारातच गाडीने आणितात. सोनचाफा सूर्योदयापूर्वी, पाकळ्या नुकत्याच सुटू लागल्या असता देठासकट खुडावा व ओल्या केळीच्या पानात गुंडाळावा. उन्हे चढल्यावर खुडलेले फूल दुपारपर्यंत तपकिरी पडते. मोगऱ्याची कळी पांढरी व पूर्ण भरलेली, पण मिटलेली असावी. परसातील चार झाडांवर बाजार करिता येत नाही हे खरे. परंतु दोन कलमी चाफे व डझनभर मोगरे असले तर देवपूजा भागून शेजारच्या हारवाल्यास रोज काही देता येते, आणि झाडांस मोजून घातलेल्या नळाच्या पाण्याचा खर्च तेवढ्यात निघतो. हारवाला माल घेताना कळ्या तळहातावर दाबून पाहील. ज्या आदल्या दिवशीच्या आहेत त्या दबतात.